एकाच वेतात आखूड पायांची आणि लांब पायांची पिल्लं: हा काय प्रकार?

केळीवाला_रावेर

मंडळी, कुत्र्यांतलं कळणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. आमच्या मळ्यात एक कुत्री आहे, सगळे तिला बुटी म्हणतात. तोंड, कान, शेपटी, रंग सगळं गावठी, पाय मात्र जेमतेम वीतभर. फैजपूरच्या पाहुण्यांकडून आणली. तिची आई गल्लीतली साधी गावठी आणि बाप तिथल्या एका बंगल्यातला डॅशंड, ती लांब धडाची, बुटकी विलायती जात. फाटक कुणीतरी उघडं ठेवलं आणि पुढचं सगळं झालं. त्या वेतातली झाडून सगळी पिल्लं आखूड पायांची निघाली, असं पाहुणे सांगतात.

आता बुटी आमच्याकडे व्याली. बाप आमचाच राखणीचा कुत्रा, उंच, सडपातळ, रानडुकरामागे बांध ओलांडून जाणारा. पिल्लं सहा. जरा मोठी झाल्यावर फरक दिसायला लागला. दोन थेट बापावर, लांब टांगांची. तीन बुटीसारखी, चालताना पोट सरीला घासतं. एक मधलंच, धड इकडचं नाही तिकडचं नाही.

आई बुटकी, बाप उंच, तर सगळी मधल्या उंचीची का नाही झाली? पहिल्या वेतात सगळी आखूड आणि दुसऱ्यात अशी फाटाफूट का? दुसरी गोष्ट अशी की जळगावचा एक जण ती तीन बुटकी पिल्लं 'मिनी डॅशंड' म्हणून चांगल्या पैशात मागतोय. लांब टांगांची फुकटही नको म्हणतो. आणि आमचा सालदार म्हणतो, दादा, देऊ नका कोणाले, यांची कंबर मोडते पुढं. त्याने सावद्याला एका डॉक्टरकडे असा कुत्रा पाहिलाय म्हणे. खरं काय?

भुसावळ_जंक्शन

फोटो टाका भो आधी. नुसतं वर्णन वाचून आम्ही काय करायचं!

केळीवाला_रावेर

टाकतो संध्याकाळी, मळ्यात रेंज नाही.

पेशीबिशी

केळीवाले दादा, मी धुळ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हे मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि पोरं जांभया देतात. तुमच्या मळ्यात ते चालतंबोलतं आहे, तेव्हा जरा लांबण लावते.

डॅशंड, बॅसेट हाउंड, कॉर्गी यांचं डोकं आणि धड नीट बघा. ते लहान नाही. आखूड आहेत ती फक्त पायांची लांब हाडं. पिल्लाच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तिथल्या पेशी एकीवर एक रचल्या जातात, फुगतात, मग त्या जागी हाड तयार होतं. पट्टी जितके दिवस चालू, तितकं हाड लांब. वाढ संपली की पट्टीही संपते. या पेशींना 'वाढा' आणि 'थांबा' असे निरोप देणारी जी प्रथिनं असतात, त्यांत एफजीएफ नावाचं एक मोठं घराणं आहे. त्यातलं एफजीएफ४ मुळात गर्भात पायाचा कोंब फुटताना कामाला येतं. ते नको तिथे, नको तेव्हा तयार होत राहिलं की कूर्चेच्या पट्टीचं वेळापत्रक बिघडतं आणि हाड आखूड राहतं.

आता ते नको तिथे का तयार होतं? २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाने याचा छडा लावला. आखूड पायांच्या निदान १९ जातींत त्यांना १८व्या गुणसूत्रावर एफजीएफ४ची एक जादा प्रत सापडली. मूळ जनुक त्याच्या जागी शाबूत आहे, ही प्रत भलत्याच जागी घुसलेली. घुसली कशी, हे मला सगळ्यात आवडतं. जनुक वापरायचं असलं की पेशी त्याची आरएनएमध्ये कामापुरती नक्कल काढते, मधले न लागणारे तुकडे कापून टाकते, प्रथिन बनवते आणि नक्कल मोडीत काढते. क्वचित कधीतरी हीच कापलेली नक्कल उलट डीएनएत उतरवली जाते आणि गुणसूत्रात कुठेतरी चिकटते. याला रेट्रोजीन म्हणतात. मधले तुकडे गायब असतात, त्यावरूनच ती ओळखू येते. अशा बहुतेक नकला मुक्या राहतात, कारण जनुक चालू करणारा भाग त्यांच्यासोबत येत नाही. ही मात्र चालू पडली.

सगळ्या १९ जातींत ही प्रत एकाच ठिकाणी बसलेली आहे आणि तिच्या आजूबाजूचा डीएनएसुद्धा जुळतो. म्हणजे जर्मनीत एकदा, वेल्समध्ये एकदा, फ्रान्समध्ये एकदा असं झालेलं नाही. फार पूर्वी, या जाती वेगळ्या होण्याआधी, एकाच कुत्र्यात हे एकदाच घडलं. पुढे बिजूच्या नाहीतर कोल्ह्याच्या बिळात शिरायला, गुरांच्या पायांत घुसून त्यांना हाकायला असा ठेंगणा कुत्रा सोयीचा पडला, म्हणून माणसाने तो जपला.

तुमच्या प्रश्नाकडे येते. एक प्रत असली तरी पाय आखूड होतात, दोन असल्या तर आणखी आखूड. शुद्ध डॅशंडात जोडीच्या दोन्ही गुणसूत्रांवर ही प्रत असते, म्हणून त्याच्या प्रत्येक पिल्लाला एक मिळणारच. फैजपूरचं वेत सगळं आखूड निघालं ते यामुळे. बुटीकडे मात्र एका गुणसूत्रावर प्रत आहे, दुसरं गावठी आईचं, कोरं. ती पिल्लाला दोहोंपैकी कुठलंही एक देते. मिळाली तर आखूड, नाही मिळाली तर बापासारखं लांब. जनुक मिसळून पातळ होत नाही, एक तर जातं नाहीतर राहतं.

नंदुरबारी_मिरची

ताई, मग हिशोबाने तीन-तीन व्हायला हवी होती. इथे दोन लांब, तीन आखूड, एक अधांतरी. आणि कंबरेचं काय? ती तर पाठ लांब असते म्हणून मोडते ना? सगळे तसंच सांगतात. पाठीला मधे आधार नाही म्हणून.

पेशीबिशी

सहा पिल्लांत तीन-तीन पडलंच पाहिजे असं नाही. सहा वेळा नाणं उडवून बघा. पण ते अधांतरी पिल्लू उगाच नाही आलेलं. त्यासाठी उरलेली अर्धी गोष्ट सांगावी लागेल, आणि पाठीचं उत्तरही तिथेच आहे.

'लांब पाठ म्हणून मोडते' हे तितकंसं खरं नाही. बीगल बघा. त्याची पाठ काही लांबलचक नाही. फ्रेंच बुलडॉग तर आखूड चौकोनी. तरी दोघांनाही मणक्याच्या चकतीचा तोच आजार होतो. उलट वेस्ट हायलंड टेरियर आखूड पायांचा असूनही या आजारासाठी ओळखला जात नाही. नुसत्या लांबीचा दोष असता तर हे असं उलटंपालटं झालं नसतं.

हान्स-यॉर्गन हान्सन नावाच्या स्वीडिश पशुवैद्याने १९५२ साली कुत्र्यांच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दोन प्रकार वेगळे केले. दोन मणक्यांच्या मधे चकती असते. तिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर आणि बाहेरून चिवट वेटोळं. साध्या कुत्र्यात हा गर म्हातारपणापर्यंत बराचसा मऊ राहतो. डॅशंडसारख्यांत मात्र पहिल्या वर्षातच तो कोरडा पडायला लागतो, कूर्चेसारखा होतो, पुढे त्यात चुना साठतो. भिजवलेला साबुदाणा वाळून पुन्हा टणक व्हावा, तसं. मग कधीतरी उडी मारताना, कधी काहीच न करता, तो खडा वेटोळं फाडून वर सटकतो आणि मज्जारज्जूवर आदळतो.

हे का होतं, ते २०१७ साली कळलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश यांच्या गटाला एफजीएफ४चीच आणखी एक प्रत सापडली, या वेळी १२व्या गुणसूत्रावर. तीही रेट्रोजीन, पण वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी बसलेली. एकाच जनुकाची जादा प्रत कुत्र्याच्या इतिहासात निदान दोनदा घुसली आणि या दोन्ही वेळा टिकली. १८वर बसलेली प्रत पाय आखूड करते, आणि चकतीच्या आजाराशी तिचा संबंध दिसत नाही. १२वरची प्रत पायही थोडे आखूड करते आणि चकतीही लवकर म्हातारी करते. आजाराचा धोका वाढायला ही एकच प्रत पुरते, दोन लागत नाहीत.

डॅशंड, बॅसेट आणि पेंब्रोक कॉर्गीत दोन्ही आहेत. बीगल, फ्रेंच बुलडॉग, कॉकर स्पॅनियल यांच्यात १२ची. वेस्टी आणि केर्न टेरियरमध्ये १८ची.

आता बुटीचं वेत पुन्हा मांडू. तिच्याकडे १८ची एक प्रत आणि १२ची एक. गुणसूत्रं वेगवेगळी, म्हणून वाटणीही स्वतंत्र. उंच बाप दोन्हींबाबत कोरा धरला, तर चारांत एक पिल्लू दोन्ही घेऊन येईल, एकाला फक्त १८ची मिळेल, एकाला फक्त १२ची, आणि एकाला काहीच नाही. तुमची लांब टांगांची दोन बहुधा ती काहीच न मिळालेली. अधांतरी आहे त्याच्याकडे एखादीच प्रत असण्याचा संभव जास्त. ती कुठली, हे पाय बघून सांगता यायचं नाही. आणि सगळी मेख इथेच आहे दादा. डोळ्यांना दिसतो तो पाय, आणि धोका आहे पाठीत.

तापीकाठ

मस्त समजावलंत ताई. वाचनखुणांत टाकलं.

अवांतर: आमच्या घरी पामेरियन आहे. तोही बुटकाच की. त्याचंही हेच का?

पेशीबिशी

नाही. तुमच्या पामेरियनचे पाय त्याच्या अंगाच्या मानाने बरोबर असतात, सगळा कुत्राच लहान. तिथे दुसरी जनुकं कामाला असतात. त्यातलं मोठं नाव आयजीएफ१, १५व्या गुणसूत्रावरचं, २००७ साली सापडलेलं. डॅशंडचं तसं नाही. त्याला तेवढ्याच धडाला साजेसे पाय लावले तर तो चांगला मध्यम आकाराचा कुत्रा दिसेल.

गुरांचा_डागदर

ताईंनी पुस्तकातलं सांगितलं, मी टेबलावरचं सांगतो. चाळीसगाव तालुक्यात प्रॅक्टिस आहे. निम्मा वेळ गायी-म्हशी आणि शेळ्यांत जातो, पण गेल्या काही वर्षांत कुत्री फार वाढली. केळी-कापसाचा पैसा आला की एखादं जातिवंत पिल्लू घरात येतंच.

आधी केळीवाले दादांना एक सांगतो. पिल्लांचे पाय आखूड आहेत की वाकडे, ते नीट बघा. खेड्यांत पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेली पिल्लं आणतात आणि म्हणतात, डॉक्टर, ही जात असेल. जातबीत काही नसते. नुसत्या दूध-पोळीवर नाहीतर नुसत्या मटणाच्या तुकड्यांवर वाढवलेलं असतं, कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बसलेला नसतो, हाडं मऊ राहतात आणि वजनाने वाकतात. मनगटाजवळ सूज दिसते, पिल्लू चालायला नाखूश असतं, रडतं. खायला नीट दिलं तर बरंच सुधारतं. जनुकाने आखूड झालेला पाय जाडजूड असतो, पंजा जरा बाहेर वळलेला असतो, पण पिल्लू ठणठणीत पळतं. फरक कळत नसेल तर एक्स-रे काढा. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून मनाने पाजू नका, जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

आता कंबर. तुमचा सालदार खरं बोलतो. दर चार-पाच डॅशंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतं, बहुतेक तीन ते सात या वयात. जागा ठरलेली, शेवटच्या बरगडीच्या आसपास, जिथे छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात. सुरुवातीला लोकांना पोटदुखी वाटते. कुत्रा पाठ कमानीसारखी करतो, उचललं की किंचाळतो, ओटा चढत नाही, थरथरतो. मग मागचे पाय लटपटतात. मग ओढायला लागतो.

अशा वेळी घरातली माणसाची वेदनाशामक गोळी चारू नका. हे मोठ्या अक्षरांत वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. रक्ताची उलटी घेऊन आलेले रुग्ण पाहिलेत मी. डायक्लोफिनॅक तर गिधाडांपायी २००६ सालीच जनावरांसाठी बंद झालंय, तरी मेडिकलवाला माणसाचं देतोच. आणि स्टेरॉइड आणि दुसरं वेदनाशामक एकदम कधीच नाही.

पाय चालत असतील आणि नुसती वेदना असेल तर पिंजऱ्यात विश्रांती, चार ते सहा आठवडे. विश्रांती म्हणजे पिंजराच. अंगणात बांधून ठेवणं म्हणजे विश्रांती नव्हे. दोन दिवसांत गोळ्यांनी दुखणं कमी होतं, कुत्रा उड्या मारायला बघतो, घरच्यांना दया येते, सोडतात, आणि उरलेला खडा त्याच दिवशी बाहेर येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. कूलरसमोर ठेवा, पण थेट झोतात नको.

पाय पूर्ण गेले असतील तर पहिली गोष्ट बघायची ती खोल वेदना. मागच्या बोटाचं हाड चिमट्याने दाबतो. पाय मागे घेतला म्हणजे वेदना आहे असं नाही, ती नुसती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून बघितलं पाहिजे, ओरडलं पाहिजे, चावायला आलं पाहिजे. मला चावलेला कुत्रा त्या दिवशी फार आवडतो. वेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ पुन्हा चालतात. वेदना गेली असेल तर निम्मे, आणि तेही लवकर नेलं तर. ही शस्त्रक्रिया आपल्याकडे गल्लोगल्ली होत नाही, पुणे-मुंबई गाठावं लागतं. म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका.

लघवीचं लोक विसरतात. मागचा भाग गेलेला कुत्रा स्वतः लघवी करू शकत नाही. गळते ती भरून वाहते म्हणून. दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून काढावी लागते, ते शिकून घ्या.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं वाचून सगळं आठवलं. आमचा डॅशंड पाच वर्षांचा होता. घरात शहाबादी फरशी. एका सकाळी स्वयंपाकघरातून खर्रर, खर्रर असा आवाज यायला लागला, थांबून थांबून. बघते तर तो मागचे दोन पंजे उलटे करून ओढत येत होता, नखं फरशीवर घासत होती, आणि शेपटी हलवायचा प्रयत्न चालला होता, ती हलत नव्हती. तोंडावर काहीच नाही, नेहमीसारखा चहाच्या वेळेला बिस्कीट मागायला आला होता.

शस्त्रक्रिया झाली. आता चालतो, वाकडातिकडा. जिन्याला फळी लावलीय, पलंगावर चढू देत नाही, सगळीकडे जुन्या सतरंज्या अंथरल्यात.

माझा राग वेगळा आहे. ज्याच्याकडून घेतला त्याला नंतर फोन केला तर म्हणाला, याच्या बापाचंही असंच झालं होतं, पण तो बरा झाला. बरा झाला आणि याने पुन्हा त्याला लावला! ताई, ती तपासणी करून आधी कळलं असतं का?

पेशीबिशी

ताई, वाईट वाटलं वाचून. डीएनए तपासणीने तुमच्या बाबतीत काही कळलं नसतं. डॅशंडात १२ची प्रत जवळजवळ सगळ्यांच्या दोन्ही गुणसूत्रांवर आहे. प्रत्येकाचा निकाल 'आहे, आहे' असाच येणार. त्यावरून बरा-वाईट निवडायचा कसा? तरी चारांतले तीन आयुष्यभर धडधाकट राहतात, म्हणजे या प्रतीच्या वर आणखीही काही ठरवणारं आहे.

म्हणून डेन्मार्क, फिनलंडसारख्या देशांत वेगळा रस्ता धरलाय. कुत्रा दोन ते चार वर्षांचा असताना पाठीचे एक्स-रे काढतात आणि किती चकत्यांत चुना साठलाय ते मोजतात. एकही नाही तो उत्तम, पाच किंवा जास्त असतील त्याची पिल्लं काढत नाहीत. हा आकडा बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, आईबापांचा कमी असला की पिल्लांचाही कमी राहतो. आपल्याकडे डॅशंड घेताना आईबापांच्या पाठीचा एक्स-रे मागणारा गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिला नाही, आणि दाखवणारा विक्रेताही नाही. मागायला सुरुवात आपणच करायची.

आणि बापाची कंबर गेली होती हे माहीत असून त्याच्याकडून पुन्हा वेत घेणं, हे मात्र अक्षम्य आहे. त्याला जनुकशास्त्र कळायची गरजच नव्हती.

नंदुरबारी_मिरची

मग या जाती बंदच का नाही करत? माणसाने हौसेपोटी आजार पैदा केला आणि वर केसी, म्हणजे केनेल क्लबचं, सर्टिफिकेट लावलं.

तापीकाठ

असं कसं? शेकडो वर्षांची जात आहे. माझ्या ओळखीत चौदा वर्षं जगलेला डॅशंड आहे, एकदा कंबर दुखली नाही.

अहिराणी_मानूस

आमना बाबा म्हने, कुत्रा असा पाहिजे का चोरना मांगे पळाले पाहिजे. हाई काय, पोट घसडत चालनारा कुत्रा!

बाकी बठ्ठं वाची काढं, भारी शे. एक इचारनं व्हतं. आमच्या शेजारी शेफर्ड आणला, पैसे मोजून. वर्ष झालं तरी पिल्लूच. अंगावर लोकर पिल्लाचीच, वाढतच नाही. याचंही तेच का? आणि ती पुंगनूर गाय, कंबरेएवढी, तिच्यात पण हे एफजीएफ काय ते आहे का?

पेशीबिशी

अहिराणी दादा, शेफर्डचं प्रकरण वेगळं. पाय आणि धड प्रमाणात आहेत का? अंगावर पिल्लाची मऊ लोकर तशीच राहिली, मोठे केस फुटले नाहीत, असं असेल तर मेंदूच्या तळाशी जी पियूष ग्रंथी असते तीच नीट घडलेली नसते. वाढीचं संप्रेरक नाही, थायरॉइडही कमी. एलएचएक्स३ नावाच्या जनुकातला दोष, आणि हा दोन्ही आईबापांकडून यावा लागतो. आईबाप दिसायला धडधाकट असतात, म्हणून विकणाऱ्याला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं. उपचाराविना असे कुत्रे फार जगत नाहीत, डॉक्टरांना दाखवाच.

आखूड पायांचेही आणखी प्रकार आहेत. नॉर्वेजियन एल्कहाउंडमध्ये आयटीजीए१० या जनुकाचा, काही लॅब्राडॉरमध्ये सीओएल११ए२चा. हे दोन्ही लपून राहणारे, दोन प्रती लागतात. कुणाचा लॅब जरा बुटका निघाला तर डॅशंड मिसळला म्हणून विक्रेत्याशी भांडायच्या आधी हेही डोक्यात असू द्या.

माणसातल्या बुटकेपणाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, ज्यात हातपाय आखूड आणि धड नेहमीएवढं असतं, त्याचं कारण १९९४ साली सापडलं. तिथे निरोप देणारं प्रथिन ठीक असतं, निरोप घेणारा दरवाजा, एफजीएफआर३, उघडाच अडकलेला असतो. म्हणजे कुत्र्यात निरोप जास्त, माणसात दरवाजा सदा उघडा, परिणाम हाडावर एकच. माणसात पाचांतल्या चार वेळा हा बदल नव्यानेच होतो, आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे अशा बाळाच्या आईला ग्रहणात काय केलंस म्हणून विचारतात.

पुंगनूर ही सगळीच लहान चणीची गाय, तिला यात ओढू नका. पण आयर्लंडची डेक्स्टर नावाची गाय आखूड पायांची आहे आणि तिथे खरा घोटाळा आहे. बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असली तर बुटकी गोंडस गाय. दोन आखूड जनावरं एकमेकांना लावली तर चारांतलं एक वासरू दोन प्रती घेऊन येतं, चेहरा चेपलेला, पाय नावालाच, आणि पोटातच मरतं. तिथलं जनुक एसीएएन. डॅशंडचं नशीब एवढंच की त्याला दोन प्रती घेऊन जगता येतं.

नंदुरबारी, बंदीबद्दल तुमचा राग मला पटतो, उपाय पटत नाही. बंदी घातली तर पिल्लं चोरून विकली जातील आणि एक्स-रे काढायची उरलीसुरली शक्यता जाईल. फ्रेंच बुलडॉगबद्दल विचाराल तर माझं मत याहून कडक आहे, पण त्याचा श्वास आणि नाक हा वेगळ्या धाग्याचा विषय.

गुरांचा_डागदर

बंदी राहू द्या, आहे तो कायदा तरी पाळा. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे २०१७चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठवडे बाजारात खोक्यातून डोळे नुकते उघडलेली पिल्लं विकतात, त्यांना हे कोण सांगणार?

केळीवाला_रावेर

फोटो टाकलेत. सगळं दोनदा वाचलं, घरच्यांनाही वाचून दाखवलं.

जळगाववाल्याला सरळ विचारलं, बाबा, तू यांचं करणार काय? तर म्हणे, दोन माद्या आहेत ना, पुढं पैदास करू, मिनीला मार्केट आहे. तिथेच नाही म्हणून सांगितलं. पैसे वाढवून देतो म्हणाला, तरी नाही.

लांब टांगांची दोन शेजारच्या मळेवाल्यांनी मागितलीत, राखणीला. त्यांची काळजी नाही. आखूड तीन आणि ते अधांतरी, यांची ती गालाच्या आतून कापूस फिरवून करतात ती तपासणी करायची म्हणतोय. खर्च आहे, पण एखाद्याकडे नुसती १८ची निघाली तर तो पुण्याच्या भाच्याला देऊ, त्याच्या फ्लॅटला तिसरा मजला आहे. १२ची निघतील ती इथेच राहतील, सपाटीवर. बुटीचं ऑपरेशन डॉक्टर कधी करायचं? अजून पाजते आहे.

गुरांचा_डागदर

पिल्लं पूर्ण तुटली आणि दूध आटलं की करा. सड भरलेले असताना चिरायला अवघड जातं. आणि वजन आटोक्यात ठेवा, तिचंही आणि आखूड पिल्लांचंही. वरण-बट्टीतली तुपाची बट्टी कौतुकाने टाकू नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, पाठ आडवी. पोरं पुढच्या दोन पायांना धरून उचलतात, ते आधी बंद करा.

पेशीबिशी

तपासणी मिश्र पिल्लांतच खरी उपयोगी पडते, डॅशंडात नाही. तुमच्याकडे चारही तऱ्हा निघू शकतात, म्हणून पैसे वाया जाणार नाहीत. नमुना घेताना एक सांभाळा: पिल्लं अंगावर पीत असतील तर तोंडात आईच्या दुधातल्या पेशी असतात आणि निकालात बुटीच उमटते. तास-दोन तास आईपासून लांब ठेवा, पाणी पाजा, मग कापूस फिरवा. दर पिल्लाला वेगळा कापूस, हात धुऊन.

भुसावळ_जंक्शन

फोटो पाहिले. ते अधांतरी कोणाला देणार नसाल तर मला सांगा भो. घर तळमजल्यावर आहे, जिना नाही.

केळीवाला_रावेर

व्यक्तिगत निरोप करतो. पण निकाल आल्यावरच.